एका आकड्याचा फरक

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे दोघा-तिघांनी विचारलं, ब्लॉग बंद केलास का, आणि धाकट्या आत्याने तिचा नेहमीचा प्रश्न विचारला, "तू रात्री-अपरात्री बॅग घेऊन जातोस ते नक्की करतोस तरी काय रे?" तर आज कामाबद्दलच लिहितो. थोडं तांत्रिक आहे, पण आत्याला कळेल असं लिहायचा प्रयत्न करतोय. जे याच धंद्यातले आहेत त्यांनी पुढचे काही परिच्छेद गाळले तरी चालेल, मला राग येणार नाही :-)

ऑफिसात, हॉस्पिटलात, बँकेत एखाद्या कपाटात हिरवे दिवे लुकलुकणारे चपटे डबे असतात ना, ते स्विच. एका कॉम्प्युटरचा निरोप दुसऱ्याकडे पोचवणं हे त्यांचं काम. कोण कुठल्या तारेच्या टोकाला बसलाय हे स्विच ऐकून ऐकून शिकतो. पण काही निरोप सगळ्यांसाठीच असतात, दवंडीसारखे. दवंडी आली की ती ज्या वाटेने आली ती सोडून बाकी सगळ्या वाटांवर स्विच ती पिटतो. आता तीन स्विच त्रिकोणात जोडलेत असं समजा. पहिल्याने दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने परत पहिल्याला. पहिल्याच्या काहीच लक्षात नसतं, तो पुन्हा पिटतो. इंटरनेटच्या पाकिटावर 'इतक्या टप्प्यांनंतर फेकून द्या' असा एक आकडा असतो आणि तो दर टप्प्याला एकाने कमी होतो. इथरनेटच्या फ्रेमवर असा आकडा नाही. तिला मरणच नाही. एकच दवंडी सेकंदाला हजारो वेळा गरगरत राहते, तिच्यात दुसरी मिसळते, तिसरी मिसळते, आणि बघता बघता तारेत कामाच्या निरोपाला जागाच उरत नाही.

मग त्रिकोण करायचेच कशाला? तर एक तार तुटली की दुसरी हाताशी असावी म्हणून. वाटा दोन हव्यात, पण एका वेळी चालू एकच हवी. हा पेच रेडिया पर्लमन यांनी सोडवला. त्या तेव्हा अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये होत्या. १९८५ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्या निबंधात त्यांनी झाडावर केलेली स्वतःची एक छोटी कविताही आहे. (आमच्या धंद्यात कविता इतपतच सापडतात.) या पद्धतीचं नाव स्पॅनिंग ट्री. स्विच दर दोन सेकंदांनी एकमेकांना चिठ्ठ्या पाठवतात, तिला आम्ही बीपीडीयू म्हणतो. 'माझ्या मते मुख्य अमुक आहे आणि त्याच्यापासून मी इतक्या अंतरावर आहे.' ज्याचा आकडा सगळ्यांत लहान तो मुख्य, म्हणजे रूट. मग प्रत्येक जण रूटकडे जाणारी आपली जवळची वाट ठेवतो आणि ज्या जादा वाटेने वर्तुळ पुरं होईल ती बंद करतो. बंद म्हणजे कायमची नाही. त्या वाटेवर कान लावून बसतो.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. एखाद्या वाटेवरून चिठ्ठी आलीच नाही, तर स्विच समजतो की पलीकडे दुसरा स्विच नाही. नुसता कॉम्प्युटर असेल, प्रिंटर असेल. म्हणजे ही वाट उघडी ठेवायला हरकत नाही. शांतता आहे म्हणजे धोका नाही, असं हे गणित.

१९९० मध्ये याचं मानक झालं, ८०२.१डी. पुढे व्हीलॅन आले. म्हणजे तारा त्याच, पण हिशेब विभागाचं नेटवर्क वेगळं, लॅबचं वेगळं, फोनचं वेगळं, जणू एकाच वाड्यात वेगवेगळी बिऱ्हाडं. व्हीलॅनचं मानक १९९८ चं, पण त्यात झाड एकच राहिलं, सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एक. एक वाट बंद झाली की ती सगळ्यांसाठीच बंद. सिस्कोने तेव्हा स्वतःचा मार्ग काढला, प्रत्येक व्हीलॅनला वेगळं झाड. माझ्या मते ती अगदी रास्त गरज होती. मानकवाल्यांनी २००१ मध्ये झटपट चालणारं झाड दिलं आणि २००२ मध्ये अनेक झाडांची सोय, एमएसटी. तोपर्यंत जगात दोन बोली रुजल्या होत्या. व्हीलॅनमागे एक झाड, ही बोली नंतर बऱ्याच इतर कंपन्याही बोलायला शिकल्या, तेव्हा खालच्या गोष्टीतली कंपनी कोणती याचा अंदाज बांधत बसू नका. मी सांगणार नाही, आणि त्याने काही फरकही पडत नाही.

तर झालं असं.

पश्चिम महाराष्ट्रातलं एक ट्रस्टचं हॉस्पिटल. जुन्या इमारतीत एका कंपनीचे स्विच, व्हीलॅनमागे एक झाडवाले. त्यातले दोन मुख्य, त्यांना पहिला आणि दुसरा म्हणू. शेजारी पाच मजली नवी इमारत झाली. तिथल्या नेटवर्कचं टेंडर निघालं, सगळ्यांत कमी दरवाल्याला काम मिळालं आणि त्याने दुसऱ्या कंपनीचे, मानक बोली बोलणारे स्विच बसवले. स्विच चांगले होते, उगाच नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. नव्या इमारतीच्या मुख्य स्विचकडून दोन फायबर यायच्या होत्या, एक पहिल्याकडे, एक दुसऱ्याकडे. पण दुसरी फायबर पाण्याच्या पाइपसाठी खोदताना तुटली. मग चार महिने एकाच फायबरवर सगळं सुरळीत चाललं. उद्घाटन झालं, फोटो निघाले.

चार महिन्यांनी, एका मंगळवारी संध्याकाळी, फायबरवाले काका आले. पन्नाशी उलटलेला माणूस, स्कूटरवर पुढे स्प्लायसिंगचं मशीन. तुटलेली फायबर त्यांनी जोडली, ओटीडीआर लावून तपासली, दोन्ही टोकांना पॅच कॉर्ड लावली आणि सामान आवरायला घेतलं. मिनिटभरात लॅबची स्क्रीन गोठली. मग अपघात विभागाची, मग फार्मसीची. फोन बंद. वॉर्डबॉय हातात रिपोर्टची कागदं घेऊन दोन इमारतींमध्ये पळू लागले. रक्तपेढीचा माणूस क्रॉस-मॅचचं उत्तर सांगायला स्वतः जिने चढून आयसीयूत गेला. चाळीस मिनिटांनी हॉस्पिटलच्या आयटीच्या मॅडमना सुचलं की शेवटचं जे लावलंय ते काढून बघू. काढलं, आणि सगळं पूर्ववत. त्या रात्री कुणा पेशंटला काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर आत्या रात्रभर विचार करेल.

अशा प्रसंगाचं मोठं उदाहरण आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. नोव्हेंबर २००२, बॉस्टनचं बेथ इस्राएल डीकनेस मेडिकल सेंटर. नेटवर्क वाढत वाढत स्पॅनिंग ट्रीच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. मानकाच्या हिशेबाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातच्या वर टप्पे नकोत. तिथे ते झाले होते. एक दिवस झाड कोलमडलं आणि ते नावाजलेलं हॉस्पिटल कित्येक दिवस कागदावर चाललं. तिथले आयटी प्रमुख जॉन हलामका यांनी पुढे ते सगळं लपवून न ठेवता जाहीरपणे सांगितलं. मला त्या माणसाबद्दल तेव्हापासून आदर आहे. आमच्याकडे असं काही झालं की पहिलं काम म्हणजे कुणाच्या तरी नावावर ते लिहून टाकणं.

इथे ते काकांच्या नावावर लिहिलं गेलं. त्यांनी हात लावला आणि बंद पडलं, सरळ हिशेब. बासष्ट हजारांचं बिल अडकलं. मला बोलावलं तेव्हाच्या मीटिंगमध्ये ट्रस्टचे सचिव, मॅडम, नव्या कामाचा कंत्राटदार आणि फोनच्या स्पीकरवर दोन्ही कंपन्यांचे सपोर्टवाले होते. काका दाराशी उभे होते, कुणी बसा म्हटलं नव्हतं. जुन्या कंपनीचा म्हणाला, आमचे स्विच नियमाप्रमाणे चाललेत. नव्या कंपनीचा म्हणाला, आमचा स्विच तर मानकाला धरून एक अक्षरही इकडेतिकडे करत नाही. मग दोघं मिळून म्हणाले, फायबरचंच काहीतरी असणार. काका दारातूनच म्हणाले, "साहेब, माझी जोडणी शून्य पॉइंट शून्य दोन डीबीची हाय. कागद हाय माझ्याकडं." कागद कुणी मागितला नाही. मी मागितला. जोडणी खरोखरच उत्तम होती. आणि फायबर खराब असती तर तिच्यावरून नेटवर्क चाललं नसतं, एवढंच. अख्खं हॉस्पिटल बंद पाडायला फायबर उत्तम चालावी लागते!

मी आधी जुन्या स्विचचे लॉग बघितले. त्या चाळीस मिनिटांत एकाच कॉम्प्युटरचा पत्ता कधी या पोर्टवर, कधी त्या पोर्टवर उड्या मारताना दिसत होता. म्हणजे वर्तुळ झालंय हे नक्की. गंमत अशी की या उड्या लॅबच्या, हिशेबाच्या, फोनच्या व्हीलॅनमध्ये होत्या. व्हीलॅन १ मध्ये एकही नाही. मॅडम म्हणाल्या, "सर, मी त्या गडबडीतसुद्धा व्हीलॅन १ चं झाड बघितलं होतं, ते अगदी नीट होतं." ते नीट होतंच. तिथेच तर मेख होती.

या दोन बोली एकमेकींना कशा भेटतात ते सांगतो. व्हीलॅनमागे एक झाडवाला स्विच व्हीलॅन १ च्या चिठ्ठ्या मानक बोलीतही लिहितो. त्यामुळे तेवढं एक झाड दोन्हीकडचे मिळून उभं करतात. बाकीच्या व्हीलॅनच्या चिठ्ठ्या तो आपल्या खास लिफाफ्यात घालतो. मानक स्विचला तो लिफाफा ओळखता येत नाही, म्हणून तो साधा मल्टिकास्ट समजून तसाच पुढे देतो. पलीकडचा जुना स्विच तो उघडतो. म्हणजे मधला नवा स्विच काचेसारखा, त्याच्या आरपार जुने दोघं एकमेकांना बघतात. ज्याने कुणी ही युक्ती काढली त्याला माझा दंडवत. पण ती एका गोष्टीवर उभी आहे, मधल्याने अनोळखी लिफाफे फेकून देता कामा नयेत.

मी शनिवारची मध्यरात्र मागून घेतली. एक रिकामं व्हीलॅन तयार केलं, ९९९, ज्यात एकही कॉम्प्युटर नाही. दुसऱ्या फायबरवर फक्त १ आणि ९९९ ला परवानगी दिली. वादळ झालंच तर आवरावं म्हणून पोर्टवर ब्रॉडकास्टची मर्यादा लावली, एक टक्का. मग काकांनी, हो, त्यांनाच बोलावलं होतं, पॅच कॉर्ड लावली. मी एका लॅपटॉपवर वायरशार्क लावून नव्या स्विचमध्ये जाणाऱ्या फ्रेम बघत होतो, दुसऱ्यावर त्याच्यातून बाहेर येणाऱ्या. पहिल्या स्विचकडून ९९९ चे लिफाफे दर दोन सेकंदांनी आत जात होते. दुसऱ्या बाजूने एकही बाहेर येत नव्हता. पाच मिनिटं बघितलं. आत दीडशे, बाहेर शून्य.

आता लॅपटॉपवरून ९९९ मध्ये एकच पिंग पाठवला, अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यावर. म्हणजे 'हा पत्ता कुणाचा' अशी दवंडी. तिन्ही स्विचचे दिवे एकदम पेटून राहिले. लुकलुकणं बंद, नुसते पेटलेले. काका म्हणाले, "असंच झालतं त्या दिवशी." कॉर्ड काढली तसे दिवे परत लुकलुकायला लागले.

नव्या स्विचमध्ये शोधल्यावर सेटिंग सापडलं, अनोळखी मल्टिकास्ट पुढे देऊ नये. ते कंत्राटदाराने नव्या इमारतीतल्या कॅमेऱ्यांसाठी लावलं होतं. कॅमेऱ्यांचं चित्र सगळ्या पोर्टवर पसरून वॉर्डमधले कॉम्प्युटर मंदावू नयेत म्हणून. मी असतो तर मीही लावलं असतं. पण त्याने लिफाफे गिळले जात होते. पहिला आणि दुसरा, दोघांनाही नव्या स्विचच्या बाजूने लॅबच्या व्हीलॅनमध्ये शांतता ऐकू येत होती. दोघांनीही नियमाप्रमाणे मानलं की तिकडे कुणी नाही. दोघांनीही वाट उघडी ठेवली. त्रिकोण पुरा.

मग व्हीलॅन १ नीट का होतं? आणि नव्या स्विचने स्वतः एखादी वाट का बंद केली नाही? इथे तो एका आकड्याचा फरक येतो. मॅडमच्या आधी जे गृहस्थ होते त्यांनी पहिल्या स्विचला रूट करायला आकडा लावला होता, २४५७६, पण फक्त वापरातल्या व्हीलॅनना. १ मध्ये कुणीच नाही म्हणून ते तसंच सोडलं. न लावलेला आकडा ३२७६८ असतो. मात्र व्हीलॅनमागे एक झाडवाला त्यात व्हीलॅनचा नंबर मिळवतो, म्हणून १ साठी ३२७६९. मानकवाल्याचं सामायिक झाड शून्य नंबरचं, म्हणून त्याचा आकडा ३२७६८ च राहतो. लहान आकडा जिंकतो. कुणी काही न करता, एका आकड्याने, नवा स्विच त्या सामायिक झाडाचा रूट झाला. आणि रूट आपली कुठलीच वाट बंद करत नाही. वर्तुळ तोडायचं काम जुन्या दोघांवर आलं आणि ते त्यांनी चोख केलं, आपसातली वाट बंद केली. पण फक्त व्हीलॅन १ साठी. बाकीच्यांसाठी त्यांच्याकडे वेगळी झाडं होती ना!

जाता जाता एक. पहिला स्विच व्हीलॅन १ मध्येही रूट असता तर? जुना स्विच एक गिगाबिटच्या वाटेचं अंतर ४ मोजत होता, जुन्या कोष्टकाने. नवा तेच अंतर २०००० मोजत होता, नव्या कोष्टकाने. दुसऱ्या स्विचच्या चार पावलांपुढे आपली वीस हजार पावलं बघून नव्या स्विचने दुसऱ्याकडची आपली वाट निमूट बंद केली असती, आणि त्याची बंदी सगळ्या व्हीलॅनना लागू. म्हणजे लिफाफे गिळले जात असतानाही सगळं ठीक दिसलं असतं. कधीतरी एखाद्या पोर्टचा वेग बदलेपर्यंत, किंवा कुणी नवा आकडा लावेपर्यंत. अशी किती हॉस्पिटलं, किती कारखाने आज 'ठीक' चाललेत, हा विचार मी झोपायच्या आधी करत नाही.

उपाय काय केला ते थोडक्यात. ते सेटिंग काढून काम भागलं असतं आणि कंत्राटदाराचा तोच आग्रह होता, पण ती युक्ती कुणाच्या तरी पुढच्या शहाणपणावर अवलंबून राहिली असती. म्हणून पुढच्या शनिवारी सगळ्यांना एकाच बोलीवर आणलं, मानक एमएसटी. त्यात तीन गोष्टी तंतोतंत जुळाव्या लागतात. प्रदेशाचं नाव, त्यातलं लहान-मोठं अक्षरसुद्धा. आवृत्तीचा आकडा. आणि कुठलं व्हीलॅन कुठल्या झाडावर याचा तक्ता, ४०९४ पर्यंतचा, वापरात नसलेली धरून. प्रत्येक स्विच त्या तक्त्याचा एक ठसा काढतो, तो सगळ्यांचा सारखा आला पाहिजे. मॅडम एकेक स्विचचा ठसा मोठ्याने वाचत होत्या आणि मी कागदावर टिकमार्क करत होतो, लहानपणी रेशनचं सामान मोजायचो तसं. जुन्या इमारतीतले दोन स्विच इतके म्हातारे निघाले की त्यांना एमएसटी येतच नव्हतं. त्यांना एकेकच तार ठेवली, वर्तुळात घेतलंच नाही. रूट पहिला, तो नसेल तर दुसरा, असं लिहून लावलं. पहाटे चारला दुसरी फायबर लावली. काही झालं नाही. आमच्या कामात यश असंच दिसतं, काही होत नाही.

रिपोर्ट मागितला गेला तेव्हा सचिवांचा प्रश्न एकच होता, चूक कुणाची. मी अकरा पानं लिहिली आणि पहिल्या ओळीत 'फायबरच्या जोडणीत कोणताही दोष आढळला नाही' एवढं घातलं, कारण हिशेब खातं पहिल्या ओळीपुढे वाचत नाही. चूक कुणाची या रकान्यात काय भरायचं ते मला खरंच सुचलं नाही. पहिल्या ओळीचं काम झालं, तीन आठवड्यांनी काकांचं बिल निघालं. दोन हजार कापून, उशिराचा दंड म्हणून. पाइपसाठी ज्यांनी खणलं त्यांना कुणी काही विचारलं नाही. असो.

मागच्या महिन्यात काकांचा फोन आला. एका कॉलेजात फायबर ओढायचं काम मिळालंय, दोन इमारती, दोन्हीकडे वेगळ्या कंपन्यांचे स्विच. "साहेब, या बारीला कॉर्ड लावायच्या आधी त्यान्ला काय इचारू?"

म्हटलं, व्हीलॅन १ चा रूट कोण आहे ते विचारा.

"थांबा, लिवून घेतो," काका म्हणाले. "आनि त्यान्ला म्हाईत नसंल तर?"

तर कॉर्ड लावू नका, म्हटलं, मला फोन करा.